दोन्ही तारा तोडणारा कॉन्टॅक्टर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, पण ऐकले नक्की असेल. मोठा पंप किंवा लिफ्ट सुरू होताना आतून 'खट्' असा आवाज येतो ना, तो माझ्याच जातभाईंपैकी कुणाचा तरी असतो. मी एक मुठीएवढा, काळा, बसका कॉन्टॅक्टर आहे. भिंतीवरचे बटण नाजूक असते. त्याला फार मोठा प्रवाह सोसवत नाही. ते नुसती हाक मारते, ओझे मी उचलतो.

ओहायोतल्या एका कारखान्यात मला घडवले. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर लोखंडी ठोकळा, मध्ये स्प्रिंग आणि तोंडाशी चांदीच्या टिकल्यांच्या दोन जोड्या. गुंडाळीत वीज आली की ठोकळा खाली ओढला जातो आणि टिकली टिकलीला भिडते. वीज गेली की स्प्रिंग त्यांना सोडवते. भिडताना एकदा खट्, सुटताना एकदा खट्. एवढाच माझा नेम, आणि तो मी आजवर चुकवलेला नाही.

दोन जोड्या कशाला, असे तुम्ही विचाराल. आमच्या मुलखात मोठ्या हीटरला दोन तारा जातात आणि त्या दोन्ही जिवंत असतात. त्यातली एक तोडली तरी हीटर थंड पडतो. बघणाऱ्याला वाटते, झाले बंद. पण दुसरी तार जिवंतच राहते आणि हीटरच्या अंगात दबा धरून बसते. मी दोन्ही तोडतो. हे ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातली मोठी घडामोड यावरूनच घडली.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला अंगठ्याने चार वेळा दाबून पाहिले. "हा स्वच्छ बोलतो," असे ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. ते कौतुक मला पुढे फार वर्षे पुरवावे लागले.

मी विस्कॉन्सिनमधल्या एका चीजच्या कारखान्यात पोचलो, पण कामाला लागलो नाही. माझ्यासारखाच दुसरा गरम पाण्याच्या टाकीवर आधीच बसला होता. मी त्याच्या बदलीचा म्हणून फळीवर राहिलो. तो दिवसभर खट् खट् करी आणि मी खोक्यात पडून ऐकत असे. ऐकणारा आणखी एक माणूस तिथे होता. दुधाच्या हौदावर काम करणारा ओर्व्हल झास्त्रो. त्याचे कान इतके तिखट, की हौदापाशी उभा राहून तो कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला, डेल्मर स्कारला, ओरडून सांगे, "डेल्मर, तुझा तो टाकीवरचा आज तोतरा बोलतोय." डेल्मर शिव्या घालत जाई, झाकण उघडून बघे, आणि खरोखरच आत एखादा स्क्रू सैल निघे.

पुढे तो कारखाना बंद झाला. फळ्या रिकाम्या करताना डेल्मरने मला ओर्व्हलच्या हातात ठेवले. ओर्व्हलने मला घरी नेऊन गॅरेजातल्या खणात, मासे धरायच्या गळांच्या शिशाच्या गोळ्यांत टाकले. तिथे मी अकरा वर्षे होतो. फळीवरची धरली तर उमेदीची सारी वर्षे वाट पाहण्यातच गेली. पण मित्रांनो, गंजलो नाही. वाट पाहणे हेही काम आहे, असे मी मनाशी धरून होतो.

गॅरेजात ओर्व्हल बीअर करी. मोडाचे जव कोमट पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी मोठ्या स्टीलच्या हंड्यात गाळून घ्यायचे, हॉप्सची कडू फुले टाकून तासभर उकळायचे, मग निवल्यावर यीस्ट घालून अंधारात ठेवून द्यायचे. शनिवारी सकाळी गॅरेजभर जवाचा वास सुटे आणि डेल्मर त्या वासाचा माग काढत येई. त्याची एक ठरलेली टीका होती, की मागच्या खेपेची बरी होती. मागच्या खेपेलाही तो तेच म्हणालेला असे.

मग ओर्व्हलचे डोळे गेले. एकदम नाही. आधी कडा गेल्या, मग मधले धुके झाले, मग तेही उरले नाही. त्याने गाडीच्या किल्ल्या मुलीला दिल्या आणि शिकारीची बंदूक पुतण्याला. बीअर मात्र तो करत राहिला. हाताला सगळे पाठ होते. आणि एका शनिवारी हंड्याखालच्या गॅसच्या जाळावर त्याच्या बाहीने पेट घेतला. हात वाचला, शर्ट गेला.

त्याची मुलगी जोलीन त्याच्याच घरी राही. गावभर लोकांच्या घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या आणि एअर कंडिशनर दुरुस्त करण्याचा तिचा धंदा. तिने जळका शर्ट टेबलावर पसरला आणि बापाला शांतपणे सांगितले, की आता हंडा डेल्मरला देऊन टाकायचा. ओर्व्हलने जळकी बाही बोटांनी चाचपली. मग म्हणाला, की गाडी दिली, बंदूक दिली, तेव्हा एका शब्दाने तक्रार केली नाही. पण आठवड्यातून एकदा तरी एखादी गोष्ट स्वतःच्या हाताने, कुणी खांद्याशी उभे नसताना करता आली पाहिजे, नाहीतर माणूस नुसता खुर्चीत ठेवलेला राहतो.

जोलीन विरघळली, पण पुरती नाही. तिने अट घातली. जाळ जाईल, विजेचा हीटर येईल. पेटी ती स्वतः बांधून देईल. पण हीटर चालू आहे की बंद, हे कुठल्याही क्षणी विचारले तर ओर्व्हलने अचूक सांगायचे. एकदा चुकला तर हंडा गेला. डेल्मर तिथेच होता. तो म्हणाला, की मी उद्याच माझ्या गॅरेजात हंड्यासाठी जागा करायला घेतो.

जोलीनने पेटी बांधायला घेतली तेव्हा मी खणाच्या फटीतून बघत होतो. तिने हीटर चालू-बंद करायला नव्या तऱ्हेचा एक रिले निवडला. चपटा, बंद डबीसारखा. त्याच्या आत हलणारे काही नाही, म्हणून झिजणारेही काही नाही. तो एका मिनिटात वीस वेळा वीज सोडतो आणि थांबवतो, त्यामुळे पाणी हव्या त्या उष्णतेवर काटेकोर राहते. खरे सांगतो, हे मला जमले नसते. माझ्या टिकल्या महिन्याभरात झिजल्या असत्या. शिवाय तो आवाज करत नाही. लोक त्याला म्हणूनच वाखाणतात. पेटीवर तिने दोन दिवे आणि एक गुळगुळीत बटण बसवले. पेटी देखणी झाली, यात शंका नाही.

पहिल्याच सकाळी तिने बापाला हंड्यापाशी उभे केले आणि विचारले, "चालू की बंद?"

ओर्व्हलने मान कलती केली. हंडा गप्प. पेटी गप्प. "बंद," तो म्हणाला.

चालू असल्याचा लाल दिवा पेटलेला होता. जोलीन काही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यावरूनच त्याला समजले.

"हा तुझा नवा गडी मुका आहे," ओर्व्हल म्हणाला. "मुक्याची चूक नाही. पण आंधळ्याला मुका सोबती देऊ नये."

जोलीनने ही खेप हिशेबात धरली नाही. ती म्हणाली, बटणाच्या जागी हाताला कळेल अशी मूठ बसवते. ओर्व्हलला ते पटले, पण पुरेसे वाटले नाही. बझर लावते म्हणाली. तेही नको म्हणाला. "मूठ फिरवली म्हणजे मी काय सांगितलं ते कळेल. बझर म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा निरोप. मला, सांगितलेलं खरंच झालं का, ते ऐकायचंय. जो तारा तोडतो त्यालाच बोलू दे ना."

मित्रांनो, खणात पडल्या पडल्या मला वाटले, आली आपली वेळ. पण जोलीनला मी ठाऊकच नव्हतो आणि ओर्व्हलला माझी आठवण राहिली नव्हती. ती गाडीकडे गेली आणि तिच्या रोजच्या डब्यातून एक कॉन्टॅक्टर घेऊन आली. एअर कंडिशनरमध्ये असतो तसला. तो तिने रिलेच्या आधी बसवला. मुठीने त्याला बोलवायचे, त्याने वीज आत घ्यायची, आणि पुढे रिलेने ती बेताने वाटायची. तो खणखणीत बोलला. जोलीनने पाच वेळा विचारले, ओर्व्हलने पाचही वेळा बरोबर सांगितले. डेल्मरने हंड्यावर हात फिरवून एक मोठा उसासा सोडला.

त्या नव्या भावाचे तोंड मी खणातून पाहिले होते. त्याला टिकल्यांची जोडी एकच होती. दुसऱ्या बाजूला नुसती पितळी पट्टी. म्हणजे एक तार तुटणार आणि दुसरी सरळ आरपार जाणार. पण मला माझ्या खट् पलीकडे भाषा नाही, आणि तोही कुणी वीज दिल्यावाचून निघत नाही. मी गप्प राहिलो. आजही त्या दिवसाची आठवण झाली की माझी स्प्रिंग आखडते.

पुढच्या शनिवारी ओर्व्हलने पहिली खेप केली. जोलीन आत स्वयंपाकघरात बसली होती, दार उघडे ठेवून. सगळे नीट झाले. त्याने मूठ फिरवली, सुटल्याचा खट् ऐकला, बीअरचे पाणी थंड करून पिंपात घेतले आणि रिकामा हंडा पाइपने धुवायला घेतला. हीटर हंड्याच्या बुडाशी आडवा बसवलेला. त्याच्या कडेने थोडे पाणी आत झिरपले. ओर्व्हलने घासणी घेऊन हात आत घातला, आणि त्याच क्षणी भिंतीवरचा गळतीचा ब्रेकर धाडकन पडला.

हा ब्रेकर म्हणजे पहारेकरी. वीज भलत्या वाटेने पाझरू लागली की तो स्वतःहून पडतो. ओर्व्हलच्या बोटांना चिमटा बसल्यासारखे झाले, इतकेच. जोलीन धावत आली. हात पाहिला, बोटे पाहिली, मग म्हणाली, की ओलाव्याने ब्रेकर पडतात, रोज बघते, घाबरू नकोस. तिने तो पुन्हा वर केला. तो पुन्हा पडला.

ओर्व्हल स्टुलावर बसला. ओले हात मांडीवर, मान तशीच कलती.

"जोलीन, मी बंद केलं होतं."

"हो डॅड, बंदच आहे."

"मी ऐकलं. खट् झालं. त्यानंतर पुन्हा झालेलं नाही. बंद आहे तर ती वीज आली कुठून?"

जोलीन म्हणाली, थोडीफार राहते कुठेतरी. ओर्व्हल म्हणाला, थोडीफार राहते म्हणजे बंद नाही. तिला ते लागले. तिने विचारले, की बारा वर्षे मी हे काम करते, तुला माझ्यापेक्षा जास्त कळते का. तो म्हणाला, कळत नाही म्हणूनच विचारतोय, आणि डेल्मरला मीटर घेऊन बोलावून घे.

डेल्मर आला. आल्या आल्या त्याने सांगितले, की जुन्या इलेक्ट्रिशियनला बीअरशिवाय बोलावणे हा त्या धंद्याचा अपमान आहे. पण पेटीचे झाकण उघडल्यावर त्याची थट्टा थांबली. हीटरच्या तारा सोडवून वाळवल्या, ब्रेकर वर केला, मूठ बंद ठेवली. मीटरची एक सुई जमिनीच्या तारेला लावली, दुसरी पहिल्या तारेला. शून्य. मग दुसऱ्या तारेला.

"एकशे वीस व्होल्ट," डेल्मर म्हणाला.

जोलीनने त्याच्या हातून मीटर घेतला आणि स्वतः मोजले. मग पुन्हा मोजले.

डेल्मर हळू आवाजात म्हणाला, "पोरी, एअर कंडिशनरला हे चालतं. तिथं तू हात घालण्याआधी बाहेरचा खटका उपटतेस. तुझा हात तो आपोआप उपटतो, डोक्याला विचारतसुद्धा नाही. म्हणून एका जोडीचा कॉन्टॅक्टर तुला कधी चावला नाही. इथं हंड्यात हात घालणारी तू नाहीस."

जोलीन पिंपावर बसली. बराच वेळ ती स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती. मग म्हणाली, की अट मागे घेते, परीक्षा-बिरीक्षा काही नको, हंडा आजच डेल्मरकडे जाऊ दे. जिने स्वतःच्या हाताने बापासाठी असली पेटी बांधली, तिने कोणत्या तोंडाने तुला एकट्याला सोडून जायचे. 

ओर्व्हल चाचपडत उठला आणि आवाजाच्या रोखाने तिच्यापर्यंत आला.

"चूक तुझी होती," तो म्हणाला. "ती मी लपवत नाही. पण पकडली कुणी?"

जोलीनने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"तुला डोळे आहेत, तू दिवा बघितलास आणि बंद म्हणालीस. मी ऐकलं आणि म्हणालो, हे जुळत नाही. तू मला विचारत होतीस ना, चालू की बंद? मग हेच तर तुला हवं होतं."

 डेल्मरने घसा साफ केला आणि म्हणाला, की ठीक आहे, माझ्या गॅरेजात हंड्यासाठी केलेल्या जागेत आता बायकोचे शिवणाचे मशीन बसेल, ती खूश होईल. मग एकदम थांबून त्याने विचारले, "ओर्व्हल, कारखाना मोडला तेव्हा मी तुला एक दिला होता. त्या टाकीवरच्याचा भाऊ. कुठंय तो?"

खण उघडला. शिशाचे गोळे बाजूला झाले आणि ओर्व्हलची जाडजूड बोटे माझ्यावर आली. त्याने माझे तोंड चाचपले, एक जोडी, मग अंगठा सरकवून दुसरी. "दोन," तो म्हणाला. मग ठोकळा दाबला. कित्येक वर्षांनी मी बोललो. ओर्व्हल हसला. "हा टाकीवाल्याच्याच घराण्यातला. आवाज तोच."

जोलीनने मात्र मला डोळे झाकून घेतले नाही, आणि याबद्दल माझ्या मनात तिच्याविषयी आदर आहे. माझ्या अंगावरचे आकडे तिने पुसून वाचले. प्रवाह किती सोसतो, गुंडाळीला वीज किती लागते. हीटरला जितका लागतो त्याच्या दीडपटीहून जास्त मी सोसतो. टिकल्या भिंगाखाली पाहिल्या. शंभर वेळा चालू-बंद केले आणि प्रत्येक वेळी मीटर दोन्ही तारांना लावला. संध्याकाळ झाली तरी तिचे चालूच होते. डेल्मर कंटाळून म्हणाला, एवढी चौकशी माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासऱ्यानेही केली नव्हती. मग तिने हीटरची झिरपणारी कड नवीन बसवली, एका जोडीचा भाऊ आपल्या डब्यात परत ठेवला आणि मला त्याच्या जागी आवळले. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी तो योग्यच आहे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ओर्व्हलने जव भिजवले आणि तेवढ्यात जोलीनला फोन आला. वृद्धाश्रमाची भट्टी बंद पडली होती आणि त्या दिवशी पहिली कडक थंडी होती. ती किल्ल्या हातात घेऊन दारात उभी राहिली. ओर्व्हल म्हणाला, "तिथली म्हातारी माणसं गारठलीत. इथला म्हातारा उबेत आहे. जा."

ती गेली. गॅरेजात तो आणि मी.

त्याने घाई केली नाही. गोड पाणी हंड्यात घेतले, मूठ फिरवली, मी खट् म्हणालो, आणि तो "हं" म्हणाला. बोलणाऱ्या घड्याळाने तास मोजला. दोन वेळा फुले पडली. तास भरला तेव्हा त्याने रिलेला उष्णता सांगणारा काटा चाचपून शून्यावर आणला. उकळी थांबायला हवी होती. ती थांबली नाही. रिले आतल्या आत तापून चालू असतानाच अडकला होता. असले रिले बिघडले की बहुतेकदा चालूच राहतात, तेही मुकाट्याने. ओर्व्हलने हंड्याकडे कान लावला. पाणी खदखदत होते.

नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन वाजला. जोलीन वृद्धाश्रमाच्या छपरावरून बोलत होती, मागे वारा घोंघावत होता. "डॅड, चालू की बंद?"

"थांब," तो म्हणाला. त्याने फोन पेटीला लावून धरला आणि मूठ फिरवली.

मी दोन्ही तारा एका दमात सोडल्या. खट्.

हंड्यातली उकळी हळूहळू मंदावली, मग बसली. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"ऐकलं," जोलीन म्हणाली.

"तुझा मुका अडकलाय. आल्यावर बदल. मी हात धुवून सँडविच खातो. तू छपरावर नीट उभी राहा."

मित्रांनो, त्याला सात वर्षे झाली. हंडा अजून ओर्व्हलकडेच आहे, आणि डेल्मरच्या मते मागच्या खेपेची बीअर अधिक चांगली होती. दरवर्षी पहिल्या थंडीच्या आधी जोलीन भिंतीवरचा ब्रेकर पाडते, माझे झाकण उघडते, धूळ फुंकते, स्क्रू आवळते आणि टिकल्या पाहते. मग वीज परत देऊन, मूठ बंद ठेवून, दोन्ही तारा मोजते. एक मोजून कधीही उठत नाही.

तुमच्याही घरी झाकणाखाली बसून काम करणारे कुणी असेल. वर्षातून एकदा जाणत्या माणसाला ते उघडून बघायला सांगा. आणि दिवा विझला म्हणून कधी आत हात घालू नका. दिवा फसतो, मूठ फसते, बारा वर्षांची सवयही फसते. एक दिवस माझ्या टिकल्याही झिजतील आणि मी तोतरा बोलू लागेन. ते सगळ्यांत आधी ओर्व्हललाच ऐकू येईल, याची मला खात्री आहे. तेव्हा माझी कीव करत बसू नका. मला खुशाल काढा आणि माझ्या जागी दुसरा बसवा. बसवताना फक्त त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवून घ्या, आणि जोड्या दोन भरल्याशिवाय स्क्रू आवळू नका.